श्वेत द्रव्याचा आनुवंशिक विकार आणि गोत्राचा हिशेब

अकोला व अमरावती ही वऱ्हाडातील शहरे कापसाच्या बाजारपेठांमुळे वाढली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि व्यापाराच्या निमित्ताने राजस्थान व उत्तरेकडील अनेक अग्रवाल घराणी येथे स्थायिक झाली. आज ती वऱ्हाडचीच झाली आहेत. विवाहसंबंध मात्र बहुधा समाजातच जुळविले जातात. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांचे एक दीर्घ संशोधन म्हणूनच येथील वाचकांच्याही जिव्हाळ्याचे ठरावे.

बाँबे हॉस्पिटलमध्ये डॉ. सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांना काही बालकांत एकसारखी लक्षणे आढळून आली. पहिल्या वर्षातच डोके वयाच्या मानाने मोठे होऊ लागे. मूल काहीसे उशिरा चाले, फिट येत, पुढे तोल जाई आणि पाय ताठरत. चालणे हळूहळू अवघड होत असले तरी समज बराच काळ टिकून राही. डोक्याला साधा मार लागला तरी प्रकृती एकाएकी ढासळे. अशी बहुसंख्य बालके अग्रवाल समाजातील होती. चाणाक्ष वैद्यकाची दृष्टी असते ती अशी! 1991 मध्ये टोकियो येथील परिषदेत या रुग्णांची माहिती मांडण्यात आली आणि 1996 मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध झाली. दरम्यान 1995 मध्ये नेदरलँड्समधील डॉ. मार्जो व्हान डेर क्नाप यांनीही अशाच 8 बालकांचे वर्णन केले होते. एमआरआय तपासणीत मेंदूचे श्वेत द्रव्य सुजलेले व कानशिलाच्या बाजूस द्रवाने भरलेल्या पोकळ्या दिसतात.

या विकाराचे जनुक 2001 मध्ये सापडले. ते 22 व्या गुणसूत्रावर असून त्याला 'एमएलसी-1' असे नाव आहे. त्याच्या आज्ञेने तयार होणारे प्रथिन मेंदूतील क्षार व पाणी यांचा समतोल राखण्यास साहाय्य करते. तो ढळला की मज्जातंतूंवरील आवरणाच्या थरांत पाणी साचते. अग्रवाल रुग्णांमध्ये या जनुकात एकच विशिष्ट दोष आढळतो, हे डॉ. सिंघल यांचा सहभाग असलेल्या अभ्यासातून 2004 मध्ये स्पष्ट झाले. जनुकाच्या प्रारंभीच एक अक्षर जास्तीचे पडते आणि पुढील सारा मजकूर चुकीचा वाचला जातो. सर्वांत एकच दोष असणे, ही तो फार पूर्वीच्या एखाद्या समान पूर्वजाकडून आल्याची खूण होय.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. अग्रवाल समाजात सगोत्र विवाह होत नाहीत. मग हा दोष दोन्हीकडून कसा येतो? गोत्र केवळ पित्याकडून मोजले जाते. जनुके मात्र माता व पिता या दोघांकडून निम्मी-निम्मी येतात. आजी, पणजी यांच्याकडून आलेला दोष गोत्राच्या हिशेबात दिसतच नाही. गोत्रे भिन्न असूनही वधू-वर दोघेही त्याच दोषाचे वाहक असू शकतात.

वाहक व्यक्ती पूर्णतः निरोगी असते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढील तीन निरोगीच होतील, ही समजूत चुकीची आहे. मातेला दोष देणे तर सर्वस्वी अन्यायाचे, कारण पित्याचा वाटा तितकाच असतो. मेळघाटातील वाचकांना हे गणित नवे नाही. सिकलसेलचा वारसाही याच रीतीने चालतो. आपल्यातच विवाह करणाऱ्या कोणत्याही समाजात असा एखादा दोष साठू शकतो. त्यात त्या समाजाला उणेपणा नाही.

मूळ विकारावर अद्याप उपाय नाही. फिट आवरणारी औषधे, व्यायामोपचार आणि डोक्याला मार लागू नये याची दक्षता एवढेच करता येते. मात्र दोष नेमका ठाऊक असल्याने रक्ताच्या नमुन्यावरून वाहकांची ओळख पटविता येते. ज्या कुटुंबात असे मूल आहे, त्याच्या काका, मामा, मावशी व आत्या यांच्या मुलांनी विवाहापूर्वी आनुवंशिकी सल्लागाराकडून ही तपासणी करून घ्यावी. एकच जण वाहक निघाल्यास ठरलेला विवाह मोडण्याचे कारण नाही. दोघेही वाहक असल्यास नोंदणीकृत केंद्रात गर्भाची या विकारासाठी तपासणी करता येते. 1994 चा गर्भलिंग निदानविषयक कायदा लिंग सांगण्यास मनाई करतो. कुटुंबात आनुवंशिक आजार असल्यास अशा तपासणीस तो अटींसह मुभा देतो.