ऊर्जाप्रकल्प व संरक्षित वनक्षेत्रे

ऊर्जाप्रकल्प व संरक्षित वनक्षेत्रे : राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व व्याघ्रप्रकल्प यांच्या हद्दीलगत कोळशाच्या खाणी, तेलविहिरी, जलविद्युत् केंद्रे, पवनचक्क्या इ. ऊर्जाप्रकल्प उभारावेत किंवा नाही व उभारल्यास ते कोणत्या अटींवर, यासंबंधी होणाऱ्या सार्वजनिक चर्चेचा विचार येथे मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे. या चर्चेचे वर्णन सामान्यतः ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असे केले जाते. परंतु प्रत्यक्षात वादाचा विषय बहुधा हद्द हा असतो. कायद्याने आखलेल्या रेषेच्या आत वनास मिळणारे संरक्षण बरेच कडक असते; रेषेबाहेर ते लवकर शिथिल होते. मात्र कोळशाच्या थराचा विस्तार, डोंगरमाथ्यावरील वाऱ्याचा वेग आणि वन्य प्राण्यांचे भ्रमणमार्ग या रेषेनुसार ठरत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रातील महत्त्वाचे वाद हद्दीच्या आत नव्हे, तर हद्दीच्या कडेला उद्‌भवलेले आढळतात.

पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी खाली सोडून वीज निर्माण करण्याच्या टाटा यांच्या योजनांनी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील ऊर्जानिर्मितीस आरंभ झाला. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे या योजनांतील होत. भिरा केंद्रासाठी पुणे जिल्ह्यात मुळशी येथे बांधावयाच्या धरणास मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि १९२१ मध्ये सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ऊर्जाप्रकल्पावरून मराठी वृत्तपत्रांत व सभांमधून झालेला हा आरंभीचा मोठा वाद होय. त्यात शेतकऱ्याची जमीन, मोबदला आणि कंपनीसाठी सरकारने केलेले भूसंपादन हे मुद्दे होते. बुडणारे जंगल व त्यातील प्राणी हा चर्चेचा विषय नव्हता.

वन हा चर्चेतील एक पक्ष झाला, तो स्वातंत्र्योत्तर काळात. केरळमधील सायलेंट व्हॅली येथील जलविद्युत् योजनेवर १९७० नंतरच्या दशकात देशभर चर्चा झाली. ती योजना अखेर सोडून देण्यात आली व १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम (१९७२), वन (संवर्धन) अधिनियम (१९८०) व पर्यावरण (संरक्षण) अधिनियम (१९८६) हे तीन प्रमुख कायदे याच कालखंडातील आहेत.

कायद्याची चौकट : पहिल्या कायद्यान्वये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांना संरक्षण मिळते. दुसऱ्यान्वये वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्यास केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते. तिसऱ्याच्या आधारे १९९४ मध्ये पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले व १९९७ पासून त्यास सार्वजनिक सुनावणीची जोड देण्यात आली. २००६ मध्ये या नियमांची फेररचना झाली. प्रकल्पाच्या जिल्ह्यातच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत होणारी ही सुनावणी म्हणजे सामान्य नागरिकास आपले म्हणणे नोंदविण्याचे मुख्य स्थान होय. मूल्यमापन-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करणे बंधनकारक आहे; संपूर्ण अहवाल मात्र बहुधा इंग्रजीत असतो व तो प्रकल्पधारकाने नेमलेल्या सल्लागाराने तयार केलेला असतो. पवनऊर्जा प्रकल्पांचा २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात समावेश नसल्यामुळे त्यांना हे मूल्यमापन व ही सुनावणी लागू झाली नाही.

वनहक्क कायद्याने (२००६) वनात परंपरेने राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले आणि त्यामुळे वनजमिनीच्या हस्तांतरात ग्रामसभेस स्थान मिळाले. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र व बफर क्षेत्र असे भाग निश्चित करण्यात आले, तसेच दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांचाही उल्लेख कायद्यात आला. तथापि अशा जोडक्षेत्रांची सीमा गाभा क्षेत्राप्रमाणे जमिनीवर आखलेली नसते आणि वादास तेथूनच सुरुवात होते. खाणींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ रोजीच्या आदेशात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांमध्ये आणि त्यांच्या हद्दीपासून एक किमी. अंतरापर्यंत खाणकामास मनाई कायम ठेवली.

ताडोबा व वर्धा खोऱ्यातील कोळसा : चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान (११६·५५ चौ. किमी.) व १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य (५०८·८५ चौ. किमी.) मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे गाभा क्षेत्र बनते. २०१० मध्ये त्याभोवती सु. १,१०२ चौ. किमी. बफर क्षेत्र निश्चित करण्यात आले. याच जिल्ह्यात वर्धा खोऱ्यातील गोंडवनी कालीन कोळशाचे साठे आहेत व कोळशालगतच चंद्रपूर औष्णिक विद्युत् केंद्र (२,९२० मेवॉ.) आहे. पुणे-मुंबईकडील ग्राहकास मिळणाऱ्या विजेचा काही भाग अशा रीतीने वाघांच्या वसतिस्थानालगतच्या भूभागातून येतो.

वयात येणारा नर वाघ जन्मस्थानाचे क्षेत्र सोडून स्वतःच्या क्षेत्राच्या शोधात निघतो. ताडोबातील वाघांना त्यासाठी उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा या दिशांकडील वनपट्टे उपयोगी पडतात. हे पट्टे तुटले, तर एकीकडे निकटसंबंधी प्राण्यांमध्येच प्रजनन होऊन वंश दुबळा होण्याचा संभव असतो. दुसरीकडे बाहेर पडू पाहणारा वाघ शेतात व गावात येतो. उघड्या खाणीमुळे जंगलाचे क्षेत्र तर जातेच, शिवाय मातीचे ढिगारे, रस्ते, अवजड वाहनांची ये-जा व रात्रीचा प्रकाश यांमुळे खाणीच्या प्रत्यक्ष क्षेत्राहून बराच मोठा पट्टा प्राण्यांना अडथळा ठरतो.

लोहारा येथील कोळसा-पट्टे २००७ मध्ये अदानी समूहास गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक केंद्रासाठी देण्यात आले होते. राज्यात त्या काळी भारनियमन चालू होते. वीज ही शेती व उद्योग यांची निकड आहे, खाणीने रोजगार मिळेल व खाणीचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यानाबाहेर आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. हे क्षेत्र वाघांच्या भ्रमणमार्गात येते, भूजलाची पातळी खालावेल आणि मोहफुले व तेंदूपाने यांवरील उपजीविका नष्ट होईल, हे विरोधकांचे मुद्दे होते. चंद्रपुरात २००९ मध्ये यासाठी मोठे आंदोलन झाले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाची पर्यावरणविषयक प्रक्रिया पुढे नेण्यास नकार दिल्यामुळे खाण झाली नाही. परंतु प्रश्न तेथे संपला नाही. तिरोडा केंद्रास अन्य कोळसा वापरावा लागल्याने वाढलेल्या खर्चाची भरपाई कोणी करावी, हा विषय पुढे अनेक वर्षे वीज नियामक आयोग व न्यायाधिकरण यांच्यासमोर होता. जंगल राखण्याचीही किंमत असते व ती वीजदरातून समाजास द्यावी लागते, ही बाब सार्वजनिक चर्चेत क्वचितच स्पष्टपणे मांडली गेली.

याच सुमारास केंद्रीय कोळसा व पर्यावरण मंत्रालयांनी वर्धा खोऱ्यासह नऊ कोळसाक्षेत्रांची पाहणी करून वनाच्छादनाच्या प्रमाणावरून खाणकामास वर्ज्य अशी क्षेत्रे वेगळी काढण्याचा प्रयत्न केला. वाद प्रत्येक खाणीगणिक न होता आधीच एकदा निर्णय व्हावा, असा त्याचा हेतू होता. हे वर्गीकरण टिकले नाही व प्रत्येक पट्ट्याचा वाद पुन्हा स्वतंत्रपणे होऊ लागला. चिमूर तालुक्यातील बंदर हा कोळसा-पट्टा २०२० मध्ये लिलावासाठी काढण्यात आला, तेव्हा भ्रमणमार्गाच्या त्याच कारणावरून राज्य शासनासह अनेकांनी हरकत घेतली व तो लिलावातून वगळण्यात आला.

हद्दीवरील अशा परिस्थितीचा भार स्थानिक लोकांवर पडतो. कोळसा-खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर व औष्णिक केंद्राच्या विस्तीर्ण आवारात माजलेल्या झुडुपांत वाघ-बिबटे आसरा घेतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये या केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार व लगतच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा मृत्युमुखी पडला. जंगल व खाण यांच्या मधली जागा कोणाची, हा प्रश्न तेथील रहिवाशांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही.

पवनऊर्जा : कोळशाच्या तुलनेने पवनऊर्जा स्वच्छ मानली जाते व ते योग्यही आहे. तथापि जागेचा प्रश्न तिच्याबाबतही सुटत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या माथ्यावर सर्वांत जोराने वाहतो आणि सदाहरित वनांचे अवशेषही तेथेच उरले आहेत.

पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५, सु. १३१ चौ. किमी.) शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. शेकरू (शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका) हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून तो झाडांच्या शेंड्यांवरून संचार करतो व जमिनीवर क्वचित उतरतो. त्यामुळे एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे सलग छत हाच त्याचा मार्ग असतो. या अभयारण्यालगत खेड तालुक्यातील डोंगरमाथ्यांवर मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभारण्यात आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर-तज्ञ गटाने आपल्या अहवालात (ऑगस्ट २०११) त्याची विस्ताराने नोंद घेतली आहे. वनखात्याच्या अंदाजानुसार सु. २८,००० झाडे तोडली गेली, तीव्र उतारावर काढलेल्या रुंद रस्त्यांमुळे दरडी कोसळल्या आणि राडारोडा खालच्या सुपीक शेतांत व जलाशयांत गेला, असे या अहवालात म्हटले आहे. लांबलचक पाती वाहून नेणाऱ्या वाहनांस रुंद रस्ता लागतो. म्हणून येथील हानी मुख्यतः चक्कीने नव्हे, तर रस्त्याने झाली. पवनऊर्जेस पर्यावरणीय मूल्यमापन लागू नसल्यामुळे ही बाब आगाऊ विचारात घेणारी सार्वजनिक सुनावणी झाली नव्हती.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या अधिक काळापासून आहेत. तेथे केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासात चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सु. एकचतुर्थांशच आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे गळ्याखाली रंगीत पडदा असलेल्या सरड्यांची संख्या तेथे वाढली होती; मात्र ते अधिक कृश होते व त्यांचे रंग फिकट होते. चक्कीचा परिणाम पात्यास धडकून मरणाऱ्या पक्ष्यांपुरता मर्यादित नसून तो अन्नसाखळीतून खालपर्यंत पोहोचतो, हे या अभ्यासाने दाखविले.

उदंचन जलविद्युत् प्रकल्प : सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज हवी तेव्हा मिळत नाही. जादा विजेने खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवून ठेवणे व गरजेच्या वेळी ते खाली सोडणे, या पद्धतीस उदंचन म्हणतात. थोड्या अंतरात मोठा उतार देणारा सह्याद्रीचा कडा त्यासाठी सोयीचा आहे. घाटघर येथे २५० मेवॉ. क्षमतेचे असे केंद्र आहे. या पद्धतीची मागणी वाढली आणि जून २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने एकूण १३,०५० मेवॉ. क्षमतेच्या अशा प्रकल्पांसाठी दोन कंपन्यांशी करार केले. पुणे जिल्ह्यातील मावळ व जुन्नर तालुक्यांतील जागांचा त्यांत समावेश आहे. प्रत्येक प्रकल्पाचे क्षेत्र फार मोठे नसले, तरी एकाच कड्यावर अनेक प्रकल्प आल्यास त्यांचा एकत्रित परिणाम काय होईल, हा या चर्चेतील मुख्य मुद्दा आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनक्षम क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा (जुलै २०२४) महाराष्ट्रातील सु. १७,३४० चौ. किमी. क्षेत्रासंबंधी आहे, हद्द कोठे आखावी, हाच त्याही वादाचा गाभा आहे.

अन्यत्र : आसामातील बाघजान येथे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानालगतच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी नैसर्गिक वायू अनियंत्रितपणे उसळू लागला व ९ जून रोजी त्याने पेट घेतला. दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले, लगतच्या पाणथळ क्षेत्राची मोठी हानी झाली आणि आग विझण्यास नोव्हेंबर उजाडला. विहीर उद्यानाबाहेर होती. अपघाताचे परिणाम मात्र बाहेर राहिले नाहीत. अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानाच्या किनारी मैदानात तेलविहिरी खोदण्याचा वाद १९८० पासून चालू असून सत्तांतरागणिक निर्णय बदलत गेले आहेत. एक्वादोरमध्ये यासुनी राष्ट्रीय उद्यानातील तेल जमिनीतच ठेवावे, असा कौल ऑगस्ट २०२३ मधील सार्वमतात सु. ५९ टक्के मतदारांनी दिला.

समालोचन : वरील उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. इंधन स्वच्छ असल्याने जागेचा प्रश्न आपोआप सुटत नाही. त्याचप्रमाणे एखादी खाण रद्द झाल्याने विजेची गरज नाहीशी होत नाही. सार्वजनिक सुनावणी होते ती जागा निश्चित झाल्यानंतर. त्यामुळे तीत होकार वा नकार एवढाच मार्ग उरतो व चर्चा तीव्र होते. जागांची निवड होण्यापूर्वीच संपूर्ण प्रदेशाचे एकत्रित मूल्यमापन, जोडक्षेत्रांची जमिनीवर निश्चिती व संपूर्ण अहवाल मराठीत उपलब्ध होणे या सुधारणा झाल्यास वादांची संख्या कमी होऊ शकेल. वाद मुळीच होणार नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. वीज वापरणारा शहरातील ग्राहक व हद्दीवर राहणारा गावकरी यांचा लाभ आणि भार समान नसतो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न मूलतः हाच होता. त्यानंतर त्यात वन व वन्य प्राणी यांची भर पडली आहे.