धूर गेला, विष राहिले

दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल कार एके दिवशी घाटात दम टाकू लागते. सिग्नलला उभी असताना थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप देत नाही. अॅक्सिलरेटर जोरात दाबला की मागे काळ्या धुराचा लोट उठतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये निदान पाच मिनिटांत होते : 'ईजीआर गेलाय.' उपचारही तयारच असतो. 'नवा व्हॉल्व्ह महाग पडेल, साहेब. पत्रा टाकून बंद करून देतो, कायमची कटकट मिटेल.' तासाभरात गाडी बाहेर येते. धूर कमी झालेला असतो, मालक खूश असतो आणि पुढच्या महिन्यात पीयूसीलाही गाडी आरामात पास होते.

बिघड झाला तो याच ठिकाणी. पण तो आता गाडीत नाही, रस्त्यावर आहे.

ईजीआर व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाने सोडलेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारी झडप. वापरलेली हवा परत आत कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा वायू कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाचे तापमान प्रचंड वाढले की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. धुरात ऑक्सिजन कमी असतो, शिवाय त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात. म्हणून थोडा धूर परत आत गेला की ज्वलन थंडावते आणि ही ऑक्साइड्स कमी बनतात. झडपेचे काम एवढेच.

यातला नायट्रिक ऑक्साइड वैद्यकाला अनोळखी नाही. आपल्याच रक्तवाहिन्यांचे अस्तर तो अत्यल्प प्रमाणात बनवते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवते. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीसुद्धा याच रेणूच्या जोरावर काम करते. गाडीच्या नळीतून मात्र तो मोजूनमापून येत नाही आणि हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यात तो अडकून राहत नाही. थेट बारीक श्वासनलिका आणि वायुकोशांपर्यंत पोहोचतो आणि तिथे दाह निर्माण करतो. दमा असलेल्या मुलाला त्या दिवशी पंप जास्त वेळा का लागला, याचे उत्तर अनेकदा घरातल्या धुळीत नाही, तर शाळेच्या रस्त्यावर असते. उन्हात याच वायूपासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि पुढे त्याचे नायट्रेटचे सूक्ष्म कण होऊन पीएम २.५ मध्येही भर पडते. भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वर आणली.

हवा सुधारली तर फरक पडतो का? दक्षिण कॅलिफोर्नियात १९९४ ते २०११ या काळात मुलांच्या तीन पिढ्यांची फुप्फुसे ११ ते १५ या वयात वर्षानुवर्षे मोजली गेली. त्या काळात तिथला नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण बरेच घटले होते. पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी असलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ७.९ टक्के होते, शेवटच्या गटात ते ३.६ टक्क्यांवर आले. औषध कोणी दिले नव्हते. हवा बदलली होती.

मग झडप बंद करूनही पीयूसी कशी मिळते? डिझेल इंजिनात काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड्स यांचे नाते सी-सॉसारखे असते. झडप चालू असली की ऑक्साइड्स घटतात, काजळी थोडी वाढते. झडप बंद केली की काजळी घटते आणि ऑक्साइड्स वाढतात. आपल्याकडच्या डिझेलच्या पीयूसीत धूर प्रकाशाला किती अडवतो एवढेच मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा ५० एचएसयू, त्याआधीच्या गाड्यांना ६५. नायट्रिक ऑक्साइडला रंग नसतो, तो प्रकाश अडवत नाही आणि यंत्राला दिसतही नाही. डोळे तपासून रक्तदाब उत्तम असल्याचा दाखला द्यावा, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक गाडी नवी असताना याच ऑक्साइड्सवर कडक मर्यादा असते. डिझेल कारसाठी बीएस-३ मध्ये किलोमीटरला ०.५० ग्रॅम, बीएस-४ मध्ये ०.२५ आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅम. एक पत्र्याची चकती टाकली की जुन्या गाडीपुरती ही सगळी प्रगती उलटी फिरते.

आता रोगनिदानाकडे. झडप दोन प्रकारे आजारी पडते आणि दोन्हींची लक्षणे वेगळी असतात. ती उघडी अडकली तर हवी तेवढी ताजी हवा मिळत नाही : काळा धूर, उभ्या गाडीची थरथर, कमी वेगात पिकअप नाही, कधी इंजिनच बंद. बंद अडकली तर चालवणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर दिवा लागतो, इंजिनाचा खडखडाट किंचित वाढतो. आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना निरोगी झडप स्वतःहून मिटलेली असते. म्हणजे पत्रा टाकल्यावर 'गाडीला ताकद आली' असे जे वाटते, ती ताकद पत्र्याची नसते. उघड्या अडकलेल्या झडपेने खाल्लेली ताकद परत आलेली असते, आणि ती झडप साफ करूनही परत आलीच असती.

शिवाय धूर आणि थकवा ही लक्षणे फक्त या झडपेची नव्हेत. ताप आला म्हणजे मलेरियाच, असे कोणी म्हणत नाही. तुंबलेला एअर फिल्टर, हवा मोजणारा मळलेला सेन्सर, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपची चीर हे सगळे तसेच चित्र दाखवतात. म्हणून स्वस्त तपासण्या आधी. स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा : पी०४०१ म्हणजे धुराचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे विजेच्या जोडणीत दोष. बऱ्याच जुन्या गाड्यांत झडप व्हॅक्यूमवर चालते. तिचा बोटाएवढा रबरी पाइप उन्हातापाने तडकतो आणि काही रुपयांच्या पाइपपायी हजारोंचा व्हॉल्व्ह बदलला जातो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पडदा तो धरून ठेवतो का, हे मेकॅनिकला दोन मिनिटांत कळते. कूलंट सतत कमी होत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर ईजीआरच्या कूलरकडे संशयाने पाहावे.

हे सगळे ठीक निघाले तर झडप खोलून साफ करायची. काजळी आणि इंजिन ऑइलची वाफ मिळून आत डांबरासारखा थर बसलेला असतो. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या, कधी नीट गरमच न होणाऱ्या गाडीत तो लवकर जमतो. साफ केल्यावर गॅस्केट नवे टाकावे, आणि इलेक्ट्रिक झडप असेल तर स्कॅनरने तिची जागा पुन्हा शिकवून घ्यावी. मोटर असलेल्या भागावर स्प्रे मारला की झडप हमखास मरते.

या कामात कोणाच्या आरोग्याकडे लक्षच जात नसेल, तर ते गॅरेजमधल्या पोरांच्या. उघड्या हातांनी काजळी खरवडायची, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, त्याच हातांनी वडापाव खायचा. काजळीमुळे कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांत नोंदवले होते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, काजळी कोरडी न उडवता ओल्या फडक्याने पुसणे आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू न ठेवणे, एवढ्याला फार खर्च येत नाही.

चाचणीला चकवण्याचा हा उद्योग छोट्या गॅरेजांनीच शोधला असे मात्र नव्हे. २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात गाडीचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली परीक्षा ओळखत असे आणि तेवढ्यापुरते सोज्वळ वागत असे. अमेरिकेच्या रस्त्यांवर त्यातल्या काही गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ऑक्साइड्स सोडत होत्या. भारतातही पुण्याच्या एआरएआयने गाड्या तपासल्या आणि कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. ती चलाखी पकडायला रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर मोजावा लागला. गल्लीतला पत्रा तर साध्या डोळ्यांना दिसू शकतो, पण बघतो कोण? उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगी देत नाही, तरीही तो उघडपणे, पावतीशिवाय केला जातो.

जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्याने म्हणून एक करावे. बॉनेट उघडून ईजीआरच्या जोडणीपाशी टॉर्च धरावा. दोन धातूंच्या भागांमध्ये फक्त गॅस्केटची बारीक कड दिसायला हवी. तिथे पत्र्याची जाड, चकचकीत कड डोकावत असेल, तर झडप बंद केलेली आहे. दिवा लागू नये म्हणून काहीजण त्या पत्र्याला बारीक भोक पाडून ठेवतात, ते बाहेरून दिसत नाही. सॉफ्टवेअरमधून झडप बंद केली असेल तर तीही दिसणार नाही. त्यासाठी स्कॅनर लावून इंजिन गरम असताना झडप हलते का, हे पाहावे लागेल. पत्रा सापडलाच, तर तो काढून झडप साफ करून घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मागायला हरकत नाही.