तडकाफडकीचा राजीनामा

बॉस्टनच्या उत्तरेस, समुद्रकिनाऱ्यापासून पाच मैलांवर असलेल्या एका अमेरिकन गावी, किराणा मालाच्या भल्यामोठ्या दुकानात गल्ल्यावर काम करणारा एकोणीस वर्षांचा सॅमी एका गुरुवारी दुपारी नोकरी सोडतो, एवढीच जॉन अपडाइक यांच्या 'ए अँड पी' या कथेची घटना. १९६१ साली 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आलेली ही कथा आजही वाचावीशी वाटते, याचे कारण त्या वयातील साहसाचा सारा उगम आणि सारा परिणाम तीत काही मिनिटांच्या अवधीत दिसतो.

पोहण्याच्या पोशाखातच तीन मुली दुकानात शिरतात, मासळीची एक बरणी घेऊन गल्ल्यापाशी येतात, आणि रविवारी चर्चच्या शाळेत शिकवणारे व्यवस्थापक लेंगेल त्यांना गिऱ्हाइकांदेखत पोशाखावरून सुनावतात. त्यांतील म्होरकीचा चेहरा लाजेने लाल होतो, आणि तो अपमान असह्य होऊन, शिवाय त्या मुलींच्या कानी पडावे म्हणूनही, सॅमी तत्काळ राजीनामा बोलून टाकतो. मुली मात्र थांबत नाहीत.

अशा कृतीत पाहणाऱ्यांच्या उपस्थितीचा वाटा किती, हे संशोधकांनीही तपासले आहे. टेंपल विद्यापीठातील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीस वर्षांवरील अशा तीन गटांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना आणि समवयस्क मित्र शेजारी असताना लोक किती धोका पत्करतात, हे त्यांना पाहायचे होते. मित्रांच्या उपस्थितीत किशोरांनी कितीतरी अधिक धोका पत्करला, प्रौढांच्या वर्तनात तसा फरक पडला नाही, आणि सॅमीच्या वयाचा गट या दोहोंच्या मध्ये राहिला. पुढे २०११ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मित्र पाहत आहेत एवढ्या जाणिवेने किशोरांच्या मेंदूतील बक्षिसाची ओढ लावणारे भाग अधिक उद्दीपित होतात. तेव्हा अशा मुलाला धोका कळतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होय. प्रेक्षकांसमोर शाबासकीचे वजन धोक्याहून भारी होते, इतकेच.

तरीही सॅमीची कृती केवळ दिखाऊ होती, हे मला मान्य नाही. मुली निघून गेल्यावरही त्याच्या आईवडिलांचे जुने स्नेही असलेले लेंगेल त्याला परतीची वाट देतात, आईवडिलांची आठवण करून देतात, पुढे पस्तावशील असेही बजावतात. आणि ज्यांच्यावर छाप पाडायची ते कोणीच उरलेले नसताना तो एप्रन काढून, घडी घालून गल्ल्यावर ठेवतो. शरमेने लाल झालेला तो चेहरा आठवूनच त्याचा निश्चय टिकतो. दिखाव्यापासून सुरू झालेली गोष्ट येथे इभ्रतीपाशी पोहोचते.

लेंगेल यांचा सल्ला खोटा नव्हता, त्यात आपुलकीही होती. परंतु तो त्यांनी दिला कोठे, तर बावरलेल्या गिऱ्हाइकांच्या समोर, जेथे माघार घेणे म्हणजे सर्वांदेखत मान खाली घालणे होते. तोच सल्ला त्यांनी मुलाला बाजूला घेऊन, मुलींचा पाणउतारा आपण करावयास नको होता हे आधी कबूल करून दिला असता, तर सॅमीला राजीनामा मागे घेताना आपल्या संतापाचा त्याग करावा लागला नसता. तसे घडत नाही. बाहेर वाहनतळावर मुली नाहीत, आत त्याच्या जागी लेंगेल उभे राहून गिऱ्हाइकांचे हिशेब करू लागले आहेत, आणि जग यापुढे आपल्याला किती कठीण जाणार, हे त्या मुलाला तिथेच उमगते.