बोट की बोया, आणि संगणकाची भाषा

जुलै २०२५मध्ये रेवदंड्याजवळ, कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद पाकिस्तानी बोट दिसल्याची खबर आली आणि रायगड पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळेच कामाला लागले. १९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरलेला हा किनारा. इथे अशी खबर कुणी हसण्यावारी नेत नाही. पुढे कळलं की ती बोट नव्हतीच, जाळ्याला बांधलेला, ठावठिकाणा सांगणाऱ्या ट्रान्सपाँडरचा तरंगता बोया वाहत आला होता.

अशा वेळी एक तर्क हमखास निघतो: प्रत्येक दलाची संगणक यंत्रणा वेगळ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली, मग एकीचं दुसरीला कळणार कसं? सगळ्यांना एकच भाषा सक्तीची करा.

ऐकायला पटतं, पण तसं नसतं. प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहिलाय हे त्या यंत्राच्या पोटातच राहतं. बाहेर पडतात ते नुसते बिट. जहाजावरची एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणेची पेटी घ्या. ती १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आपला ठावठिकाणा सांगत असते. हा संदेश १६८ बिटांचा. पहिले ६ बिट संदेशाच्या प्रकाराचे, पुढचे २ फेरप्रसारणाचे, त्यापुढचे ३० जहाजाच्या नऊ आकडी क्रमांकाचे. क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे: भारत ४१९, पाकिस्तान ४६३. रेखांश माहीत नसेल तर १८१ अंश पाठवायचे, कारण खरा रेखांश १८०च्या पुढे जातच नाही. हा संकेत ज्याला ठाऊक नाही तो प्रोग्राम, सीमध्ये लिहा नाहीतर जावामध्ये, बोट भलतीकडेच दाखवणार. नाटोच्या विमानांची आणि युद्धनौकांची लिंक-१६ ही संदेशवहन यंत्रणाही अशीच ठरलेल्या संदेशांवर चालते.

‘अमेरिकेने एडा ही भाषा सक्तीची केलीच होती ना?’ केली होती. १९७०च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्यात साडेचारशेच्या वर भाषा वापरात होत्या. १९८०मध्ये एडाचं मानक आलं, १९९१मध्ये कायद्याने सक्ती झाली, १९९७मध्ये ती उठली. पण हेतू होता देखभालीचा खर्च आवरण्याचा आणि भरवशाचे प्रोग्राम मिळवण्याचा. भाषा एक असली की सगळं जुळतं, या समजुतीला तर ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाणानेच उत्तर दिलं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्राम एडातला, तोही एरियान-४वरून उचललेला. नव्या बाणाचा आडवा वेग मोठा. तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि चाळीसेक सेकंदांत सगळा खेळ खलास.

आता उलटा गैरसमज: भाषेने काडीचाही फरक पडत नाही. पडतो, पण कडेला, जिथे आकडे बाहेर पडतात तिथे. ४६३ दोन बाइटमध्ये ठेवला तर १ आणि २०७ होतात. समोरच्या यंत्राने क्रम उलटा धरला, तर तेच ५२,९९३ वाचलं जातं. हा क्रम प्रोसेसरवर ठरतो. सीमध्ये शिवाय दोन घटकांमध्ये किती मोकळी जागा सोडायची हे कंपायलर ठरवतो. म्हणून स्मृतीतला मजकूर जसाच्या तसा तारेवर ढकलणारा आळशी प्रोग्रामर तिथे हमखास गोत्यात येतो. एडामध्ये कुठला आकडा कितव्या बिटावर बसेल हे लिहून देता येतं. ही सोय चांगलीच, पण समोरच्यानेही तोच आराखडा पाळला तर.

आणि आराखडा दोघांनी पाळला तरी बोट की बोया हे कळेलच असं नाही. ठावठिकाण्याच्या त्या १६८ बिटांत जहाजाच्या जातीला जागाच ठेवलेली नाही. ती माहिती वेगळ्या संदेशातून येते आणि पेटी बसवणाऱ्या माणसाने हाताने भरलेली असते. त्यात जाळ्यांवर लावायच्या स्वस्त पेट्या बरेचदा जहाजासारखाच संदेश धाडतात. मग पडद्यावरचा तो ठिपका खरंच काय आहे, हे बघायला गस्तीची नौका पाठवावीच लागते.