शिलकेतून नव्हे, घासातून

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे मुबलक पावसाचे, भातशेतीचे गाव. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील केडगाव मात्र अवर्षणाच्या पट्ट्यातले. आपत्काळी वाटून खाण्याचा धडा जिल्ह्याला मिळाला, तो या कोरड्या केडगावातून.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा आणल्या. तेव्हा दख्खनही होरपळत होते. पुण्यात प्लेग शिरला होता. तरीही केडगावी मुक्तिसदन उभे राहिले आणि १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळग्रस्तांनाही तेथे आसरा मिळाला. रमाबाईंचे आईवडील स्वतः १८७० च्या दशकातील दुष्काळाचे बळी होते. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, ही शुभवर्तमानातील शिकवण त्यांनी शिलकेचा हिशेब न मांडता पाळली. त्यांच्या धर्मांतराविषयी वाद झाले, पुढेही होतील. भुकेल्यांना अन्न मिळाले, हे मात्र वादातीत आहे.

मुबलक पाऊसही अभय देत नाही, हे २०१४ साली याच जिल्ह्यातील माळीणच्या दरडीने दाखविले. गुंजवण्यासारख्या डोंगरकुशीतील गावांवर उद्या प्रसंग ओढवला, तर ‘आधी आपले सावरू, मग पाहू’ म्हणणारा समाज काय देणार? संकटात शिल्लक कोणापाशीच नसते. द्यावयाचे ते आपल्या घासातूनच.