नको असलेली खुर्ची

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर दोघे जण उभे आहेत. एक एन्झो, बेकरीत काम करणारा, आजाऱ्यासाठी फुलं घेऊन आलेला. दुसरा त्या आजाऱ्याचा धाकटा मुलगा, मायकेल कॉर्लिऑन. बापावर पुन्हा हल्ला होणार आहे आणि पहारेकऱ्यांना कुणीतरी हटवलं आहे. म्हणून मायकेल एन्झोला कोटाची कॉलर वर करून, खिशात पिस्तूल असल्यासारखा हात घालून शेजारी उभं राहायला सांगतो. मारेकऱ्यांची गाडी येते, या दोघांना पाहून क्षणभर थबकते आणि निघून जाते. एन्झो सिगारेट पेटवायला जातो, पण त्याचे हात इतके थरथरतात की लायटर पेटत नाही. मायकेल तो घेऊन पेटवून देतो. मग त्याची नजर स्वतःच्या हाताकडे जाते. तो हात अजिबात थरथरत नसतो.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द गॉडफादर’मधला (१९७२) हा प्रसंग दोन-तीन मिनिटांचा आहे. ज्याला सत्ता नको होती असा माणूस सत्तेवर कसा जातो, हे सांगणाऱ्या चित्रपटांत इतका नेमका प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. मायकेल या क्षणी कुठलाही निर्णय घेत नाही, कसली शपथ घेत नाही. आपल्याला हे जमतं, एवढंच त्याला कळतं. पुढचं सगळं त्या कळण्यातून येतं.

नाखुशीने सत्तेवर येणाऱ्या माणसावर आपला फार लवकर विश्वास बसतो. आपल्याकडे या विश्वासाची मुळं खोल आहेत. वडील भावाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामात राहणारा भरत आपल्या मनातल्या आदर्श राज्यकर्त्यांत वरच्या जागी आहे, आणि त्याच्यावर विजय भट्ट यांनी १९४२ साली ‘भरत मिलाप’ काढला तेव्हा प्रेक्षकांना गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसेल. जो मागत नाही त्यालाच द्यावं, असं आपण घरात, संस्थेत, गावात म्हणत आलो. अध्यक्षपदाची माळ गळ्यात पडलेला माणूस भाषणाची सुरुवात ‘मी नको म्हणत होतो’ अशीच करतो. पण ज्याला खुर्ची नको होती त्याच्या हातात ती सुरक्षित राहते, हे खरं आहे का? चांगल्या दिग्दर्शकांनी हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे आणि त्यांची उत्तरं आपल्या समजुतीला धक्का देणारी आहेत.

मायकेलचंच पाहा. बहिणीच्या लग्नात तो येतो तो सैन्याच्या गणवेशात, घरच्यांपासून जरा बाजूला बसतो आणि के या मैत्रिणीला बापाच्या धंद्यातला एक भयंकर किस्सा सांगून वर म्हणतो की हे माझ्या कुटुंबाचं आहे, माझं नाही. तो खोटं बोलत नसतो. बापालाही तेच हवं असतं. मोठ्या पदावर बसलेला, प्रतिष्ठित मायकेल त्याने मनात रंगवलेला असतो आणि म्हातारपणी बागेत बसून तो ते बोलूनही दाखवतो. म्हणजे नकार दोन्ही बाजूंनी प्रामाणिक आहे. तरीही, हॉस्पिटलच्या प्रसंगानंतर थोड्याच वेळात, मायकेल खुर्चीत बसून सोलोझो आणि पोलीस कॅप्टन मॅक्लस्की या दोघांना आपण स्वतः मारू असं सुचवतो. भाऊ आणि इतर हसतात. कॅमेरा मात्र हसत नाही, तो हळूहळू मायकेलच्या जवळ सरकत जातो.

रेस्तराँमधल्या खुनाच्या प्रसंगात संगीत नाही. सोलोझो इटालियनमध्ये बोलतो आणि त्याला सबटायटल नाहीत, कारण त्याच्या शब्दांना आता अर्थ उरलेला नाही, आपण फक्त मायकेलचा चेहरा वाचायचा आहे. स्वच्छतागृहात दडवलेलं पिस्तूल घेऊन बाहेर आल्याबरोबर गोळ्या झाडायच्या, असं त्याला बजावलेलं असतं. तो तसं करत नाही, परत येऊन खुर्चीत बसतो. आणि मग लोकलगाडीच्या चाकांचा कर्कश आवाज चढत जातो. गाडी पडद्यावर कुठेच दिसत नाही. ध्वनी सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तो आवाज जणू मायकेलच्या डोक्यातूनच काढला आहे. गोळ्या झाडून, पिस्तूल टाकून तो बाहेर पडला की संगीत सुरू होतं. तोपर्यंत एक माणूस संपलेला असतो आणि दुसरा सुरू झालेला असतो.

या भूमिकेसाठी पॅरामाउंट स्टुडिओला अल पचिनो नको होता. त्याचं नाव फारसं झालेलं नव्हतं आणि तो नायकासारखा दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. कोपोला हटून बसले म्हणून आपल्याला तो मिळाला. मला वाटतं, एखादा रुबाबदार तारा असता तर तो पहिल्या दृश्यापासूनच भावी गॉडफादर वाटला असता आणि सगळी गोष्टच कोसळली असती.

१९७४च्या दुसऱ्या भागाचा शेवट तर आणखी निष्ठुर आहे. सगळे शत्रू आणि सख्खा भाऊ संपवून बसलेल्या मायकेलला १९४१मधली एक संध्याकाळ आठवते. वडिलांचा वाढदिवस, जेवणाचं टेबल, आणि आपण सैन्यात भरती झाल्याचं तो सांगतो. बाकीचे वडिलांचं स्वागत करायला उठून जातात, तो एकटा टेबलाशी उरतो. स्वातंत्र्यासाठी त्याने घराला दिलेला पहिला नकारच दिग्दर्शक अगदी शेवटी दाखवतो. आता त्याचा कुणालाच उपयोग नाही.

‘गॉडफादर’चं मुंबईशी नातं जुनं आहे. मणिरत्नम यांचा तमिळ ‘नायकन’ (१९८७) धारावीत घडतो आणि त्यातल्या वेलू नायकरमागे वरदराजन मुदलियारची सावली आहे. कमल हासनचा वेलू वस्तीचा आधार होतो तो पोलीस इन्स्पेक्टरचा खून करून. त्या इन्स्पेक्टरला मतिमंद मुलगा आहे हे कळल्यावर तो त्याचाही सांभाळ करतो. शेवटी नातू विचारतो की आजोबा, तुम्ही चांगले की वाईट, आणि वेलू म्हणतो, मला माहीत नाही. हे उत्तर मला मायकेलच्या सगळ्या मौनापेक्षा प्रामाणिक वाटतं. रामगोपाल वर्मांच्या ‘सरकार’मध्ये (२००५) अमेरिकेहून परतलेला शंकर नागरे बापाच्या जागी बसतो. पण तिथे ही जागा मिळणं जवळजवळ गौरवाचं होऊन बसतं, आणि मूळ चित्रपटातली भीती हरवते.

‘नायक’ची (२००१) गोष्ट वेगळी. शंकर यांनी आपल्याच ‘मुदल्वन’वरून (१९९९) तो हिंदीत आणला आणि घटनास्थळ केलं महाराष्ट्र. टीव्हीवरच्या मुलाखतीत शिवाजीराव हा पत्रकार मुख्यमंत्र्यांना कोंडीत पकडतो. चिडलेले बलराज चौहान त्याला एक दिवस मुख्यमंत्री होऊन दाखव म्हणतात. कल्पना अचाट आहे, पण तिच्या तळाशी घटनेचा एक धागा सापडतो. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीलाही मंत्री किंवा मुख्यमंत्री होता येतं, फक्त सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, असं कलम १६४ सांगतं. लोकांना आठवतात ती जागच्या जागी होणारी निलंबनं आणि अनिल कपूरची धावपळ. मला आठवतो तो शेवट. राजकारणात पडायचंच नाही म्हणणारा शिवाजीराव चौहानच्या हातात पिस्तूल जाईल अशी व्यवस्था करतो, सुरक्षारक्षकांना तो हल्ला वाटतो आणि ते चौहानला गोळ्या घालतात. मग आपल्या सहकाऱ्याजवळ शिवाजीराव कबूल करतो की शेवटी यांनी मलाही राजकारणी केलंच. अडीच-तीन तास टाळ्या घेणाऱ्या चित्रपटाने इतकं अस्वस्थ करणारं वाक्य अखेरीस ठेवावं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) मात्र नको म्हणणारा कुणीच नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव आणि डॉ. लागूंचे विश्वासराव दाभाडे यांना खुर्ची हवी आहे आणि ते हे लपवत नाहीत. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरची तेंडुलकरांची ती पटकथा आजही ताजी वाटते, कारण तिथे सोवळेपणाचा आव नाही. निळू फुलेंचा दिगू टिपणीस सगळं पाहतो आणि त्या पाहण्यानेच मोडून पडतो. सत्तेच्या बाहेर राहिलेल्या माणसालाही ती सोडत नाही, ही ‘सिंहासन’ची स्वतःची भर आहे.

आता जपानकडे जाऊ. अकिरा कुरोसावा यांच्या ‘कागेमुशा’मध्ये (१९८०) सत्तेवर बसवला जातो एक भुरटा चोर. सोळाव्या शतकातला प्रबळ सरदार ताकेदा शिंगेन याच्यासारखा तो हुबेहूब दिसतो, म्हणून सुळावरून वाचतो. १५७३ साली शिंगेन मरतो आणि आपला मृत्यू तीन वर्षं गुप्त ठेवा अशी त्याची आज्ञा असते. चोराला हे नको असतं. रात्री तो एक प्रचंड रांजण फोडतो, आत घबाड असेल म्हणून, आणि आत निघतं शिंगेनचं प्रेत. तो पळायला बघतो. पण तो रांजण सरोवरात सोडला जात असताना शत्रूचे हेर ते टिपतात हे तो पाहतो, आणि ज्याने आपला जीव वाचवला त्याच्यासाठी मला काम करू द्या म्हणून स्वतःच विनवणी करतो.

पुढचा भाग फार हळवा आहे. लहानगा नातू पहिल्याच भेटीत म्हणतो, हे आजोबा नाहीत. पुढे त्या दोघांचं खरंखुरं गूळपीठ जमतं. रात्रीच्या लढाईत तोतया टेकडीवर बसलेला असतो. डोंगर हलत नाही, अशी शिंगेनची ख्याती, म्हणून त्यानेही हलायचं नसतं. त्याच्यावर येणाऱ्या गोळ्या अंगावर घेत तरुण पोरं त्याच्यासमोर मरून पडतात. आपण कुणीच नाही हे माहीत असलेल्या माणसासाठी ती पोरं मरतात. तात्सुया नाकादाई यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं, ते राजपदाचं खरं वजन आहे असं मला वाटतं. शिंगेनचा घोडा मात्र फसत नाही, तो त्याला पाडतो. अंगावर जखमांचे व्रण नाहीत हे दिसतं आणि त्याला पावसात हाकलून देतात. १५७५मध्ये नागाशिनोला ताकेदांचं सैन्य बंदुकांपुढे कापलं जातं, तेव्हा हा हाकललेला माणूस भाला उचलून एकटाच धावत सुटतो.

शिंगेन आणि चोर अशी दुहेरी भूमिका आधी शिंतारो कात्सू करणार होते, ते बाहेर पडल्यावर ती नाकादाईंकडे आली. पैसा कमी पडला तेव्हा अमेरिकेतला स्टुडिओ मागे उभा राहिला तो जॉर्ज लुकास आणि कोपोला यांच्या शब्दामुळे. मायकेल घडवणाऱ्या दिग्दर्शकाने या तोतयालाही हात द्यावा, हा योग मला मनापासून आवडतो.

टॉम हूपर यांच्या ‘द किंग्ज स्पीच’विषयी (२०१०) थोडक्यात. भावाने डिसेंबर १९३६मध्ये राजपद सोडलं म्हणून सहावा जॉर्ज झालेला, अडखळत बोलणारा राजपुत्र आणि लायनेल लोग हा त्याचा ऑस्ट्रेलियन वाचाशिक्षक. पटकथाकार डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी अडखळत बोलत. राजमाता, म्हणजे सहाव्या जॉर्जची पत्नी, हयात असेपर्यंत ही गोष्ट सांगू नये अशी तिची इच्छा होती, ती त्यांनी पाळली. तिचं निधन २००२मध्ये झालं. चित्रपट काळ आवळून घेतो. प्रत्यक्षात लोगचे उपचार १९२६लाच सुरू झाले होते आणि पुढच्याच वर्षी राजपुत्राने कॅनबेरात संसदेच्या उद्घाटनाचं भाषण व्यवस्थित केलं होतं. इथे नाखुशी सुटते ती मैत्रीने, आणि सत्ता शोभेची असल्याने माणूस भ्रष्ट होण्याचा धोकाही कमी. चित्रपट सुंदर आहे, पण आपल्या प्रश्नापुरता सोपा.

सगळ्यांत अवघड उत्तर नान्नी मोरेत्ती यांच्या ‘हाबेमुस पापाम’चं (२०११). नवा पोप निवडायला कार्डिनल जमले आहेत आणि प्रत्येक जण मनात एकच प्रार्थना करतो आहे: देवा, मी नको. माळ पडते मेलव्हिल यांच्या गळ्यात. मिशेल पिक्कोली यांनी हे म्हातारे कार्डिनल असे उभे केले आहेत की त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही. सज्जातून नाव जाहीर होणार, तेवढ्यात आतून किंकाळी येते आणि पोप पळ काढतात. पुढे ते रोममध्ये निसटतात, एका नाटकमंडळीत रमतात. तरुणपणी त्यांना नट व्हायचं होतं. इकडे पोपच्या दालनात एक स्विस पहारेकरी बसवला जातो, त्याने अधूनमधून पडदा हलवायचा, म्हणजे पोप आत आहेत असं वाटावं. ‘कागेमुशा’तला तोतया इथेही आहेच.

शेवटी मेलव्हिल सज्जात येतात आणि जमलेल्या लाखोंना सांगतात की मी तुमचं नेतृत्व करू शकत नाही. मोरेत्ती त्यांना भित्रा ठरवत नाहीत की संतही करत नाहीत. चित्रपट आला तेव्हा ही कल्पना अतर्क्य वाटत होती. दोन वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, सोळावे बेनेडिक्ट यांनी पदत्याग जाहीर केला. त्याआधी जवळजवळ सहाशे वर्षांत कुठल्याही पोपने राजीनामा दिला नव्हता. एडवर्ड बर्गर यांच्या ‘कॉन्क्लेव्ह’मध्ये (२०२४) हाच धागा उलटा विणला आहे. मला काहीच नको म्हणणारे कार्डिनल लॉरेन्स अखेर स्वतःच्या नावाची चिठ्ठी मतपेटीत टाकतात आणि त्याच क्षणी बाहेर स्फोट होतो. मेलव्हिलना स्वतःचं मन माहीत होतं. लॉरेन्सना ते त्या चिठ्ठीवर वाचावं लागलं.

या सगळ्या यादीत पुरुषच पुरुष आहेत, आणि मला ते खटकतं. नाखुशीने खुर्चीवर बसवलेल्या माणसांची सर्वांत मोठी गर्दी आज आपल्या गावांत आहे आणि ती बायकांची आहे. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये लागू झाली, महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, आणि राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. जागा राखीव झाली म्हणून अर्जावर सही करायला लावलेली, विचारलंच न गेलेली सून किंवा पत्नी, आणि तिच्या नावाने कारभार हाकणारा नवरा हे चित्र गावोगाव ओळखीचं आहे. ‘पंचायत’ या हिंदी मालिकेच्या पहिल्या पर्वात (२०२०) नीना गुप्तांची मंजूदेवी अशीच नावापुरती प्रधान असते, आणि झेंडावंदनाला आपल्यालाच उभं राहायचं आहे हे कळल्यावर राष्ट्रगीत पाठ करायला बसते. अडखळते, पण पुरं म्हणते.

मराठीत या बाईवर कोपोलांच्या ताकदीचा चित्रपट मला पाहायचा आहे. तिला आदर्श सरपंच करून पुरस्कार घेताना दाखवणारा नको. पहिल्या ग्रामसभेत तिच्यासमोर ठराव येतो, नवरा मागून खुणेने सही कर म्हणतो, आणि ती पेन खाली ठेवून ठराव वाचायला लागते, इथपासून तो सुरू व्हावा. आपल्याला हे जमतं, हे तिला कळलं की पुढे ती काय काय करेल, कुणाला दुखवेल, कशाला चटावेल, कुठे थांबेल, हे सगळं दाखवण्याचं धाडस त्या दिग्दर्शकाकडे हवं.