वाशीच्या चौकातला पिवळा दिवा



शेतातून गव्हाणीपर्यंत ऊस आणताना बहुतेकांच्या वाटेत सिग्नल लागत नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांचा कांदा, भाजीपाला टेंपोने वाशीच्या बाजारात जातो. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार 1981 साली तिथे हलला, फळे व भाजीपाला 1996 साली. शिवाय पोरे तिकडे नोकरीला, म्हणून वडीलधाऱ्यांचेही जाणे-येणे असते. यासाठी हा मजकूर.

लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हे शाळेतली पोरेसुद्धा सांगतील. घोटाळा होतो तो पिवळ्याचा. पिवळा लागला की गाडी दामटायची, असाच आपल्याकडे समज. नियम उलट आहे. पिवळा दिसताच पांढऱ्या आडव्या रेघेच्या अलीकडे थांबायचे. रेघ ओलांडून गेला असाल, किंवा इतके जवळ आलात की एकदम थांबणे धोक्याचे, तरच पुढे जायचे.

पिवळा साधारण 3 ते 5 सेकंद असतो. का, ते पाहा. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. दिवा पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, म्हणजे 11 मीटर गेलेच. पुढे बेताने ब्रेक लावून थांबायला आणखी 20 मीटर धरा. एकूण तीसेक मीटर. तेवढेच अंतर गाडी 3 सेकंदांत कापते. म्हणजे जो लांब आहे त्याला थांबता यावे आणि जो जवळ आहे त्याला निघून जाता यावे, असा हा हिशेब आहे.

मात्र तो बेताच्या वेगाने येणाऱ्या, ब्रेक शाबूत असलेल्या गाडीचा. माल भरून चेपलेला टेंपो, घासलेले टायर, पावसाने ओला रस्ता, यांत तीसाचे पन्नास मीटर कधी होतात कळत नाही. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असल्या आणि त्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर मागचे वजन पुढच्याला रेटतच राहते. बैल उताराला आपणहून पाय रोवतात. टेंपोला ती अक्कल नाही. म्हणून लांबून हिरवा दिसला तरी भरल्या गाडीचा वेग चौकाआधीच उतरवावा. तो हिरवा केव्हापासून लागलाय, हे आपल्याला कुठे ठाऊक?

डावीकडे वळायला लाल दिव्यातही मोकळीक असते, हाही गैरसमजच. तसा हिरवा बाण किंवा पाटी असेल तरच वळावे. रात्री पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जावे. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबावे, मग रस्ता मोकळा पाहून निघावे.

आता पायी चालणाऱ्यांचे. पाम बीच मार्गावरच्या अरेंजा कॉर्नरसारख्या ठिकाणी गावाकडच्या माणसाची छाती दडपते. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. 24 मीटरचा रस्ता त्याला वीसेक सेकंद घेतो, गुडघे दुखणाऱ्या आजींना तीस. म्हणून चालणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र लुकलुकू लागले की नव्याने पाऊल टाकू नये. मध्यावर असाल तर न धावता पलीकडे जावे, नाहीतर दुभाजकावर थांबून पुढच्या खेपेला निघावे. आणि आपला दिवा हिरवा असतानाही बाजूने वळून येणाऱ्या गाड्यांकडे नजर हवीच. वळणाऱ्या चालकाने पट्ट्यांवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे असते. सगळेच देतात असे नाही.

2019 सालच्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे धोकादायक वाहन चालवण्यात धरले गेले. पहिल्या गुन्ह्यालाच कायद्यात 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही सांगितले आहे. कॅमेऱ्यात गाडीचा नंबर टिपला गेला की चलान मालकाच्या नावाने येते, चालक कोणीही असो. तेव्हा भाड्याने टेंपो देणाऱ्या सभासदांनी कोणत्या दिवशी कोण चालक होता, याची नोंद वहीत ठेवावी आणि गाडी वाशीला निघण्याआधी ब्रेक तपासून घ्यावेत.